उभ्या चौकटीतली आरती

(दृश्य: गोव्यातली चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची रात्र. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली, आरती रंगली आहे. समोर तीन-चार मोबाइल वर धरलेले.)

निवेदन:
चवथीला घुमट आरतीची, म्हणजे घुमट या वाद्यावर म्हणायच्या आरतीची मंडळी उभी राहते ती अर्धगोल करून. घुमटवाले, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, कासाळेवाले म्हणजे झांजा वाजवणारे, मागे घरची माणसं. हा गोल मोबाइलच्या उभ्या चौकटीत मावत नाही, कुणालातरी बाहेर ठेवावंच लागतं. रील काढणारा पोरगा कॅमेरा रोखतो तो सगळ्यात आवेशाने वाजवणाऱ्यावर. मग बघणाऱ्याला आरती म्हणजे एका वादकाची कसरत वाटते आणि साथ धरणारे सगळे गळे पार्श्वसंगीत होऊन जातात.

आवाजाचंही तसंच. घुमट म्हणजे मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, पूर्वी घोरपडीचं, आता बकरीचं. धाकटं तोंड तळहाताने उघड-झाप करत वादक भांड्याच्या पोटातला खर्ज वळवतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला हा खर्ज झेपत नाही. उरतो तो कासाळ्यांचा खणखणाट. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. फोनमधून ते अर्धंच ऐकू येतं.

(दृश्य: फोंडा तालुक्यातलं केरी गाव. जुन्या तबकडीचा आवाज.)

पण माध्यमाने कलेला कात्री लावली, अशी ओरड करण्याआधी केरीला जाऊन यावं. शास्त्रीय गायिका सुरश्री केसरबाई केरकरांचं हे गाव; जन्म १८९२. मैफलीत राग सावकाश उलगडत नेणारी त्यांची गायकी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात बसवलेली त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली. जागा कमी म्हणून गाणं हलकं झालं नाही.

२०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली. लगोलग जुलैत इन्स्टाग्रामच्या रील्स भारतात सुरू झाल्या, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स. सुरुवातीला पंधरा सेकंद, पुढे दोन्हीकडे तीन मिनिटं. म्हणजे फिरून तबकडीएवढीच जागा!

मग बदललं काय? तबकडीचा खप कंपनीला कळायचा, पण ऐकणाऱ्याने सुई कधी उचलली ते बाईंना कळायची सोय नव्हती. यूट्यूब आज व्हिडिओ टाकणाऱ्यापुढे आलेखच ठेवतं: कितव्या सेकंदाला किती जण टिकले. शिफारशी ठरवताना नुसत्या क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला तिथे २०१२ पासून जास्त वजन आहे. ती घसरती रेघ बघितली की हात शिवशिवतात. आरती संथ सुरू होऊन चढत जाते ना? मग चढलेला तुकडाच आधी लावा! मला विचाराल तर खरं नुकसान इथे आहे. संथ चाल कानावरून गेलीच नसेल, तर लय चढली कशावरून म्हणायची?

(दृश्य: देवळापुढचा रंगमंच. दूर तिपाईवर एकच कॅमेरा.)

जत्रेतल्या नाटकाला हा जाच कमी. पालखीनंतर पडदा उघडतो आणि थेट प्रक्षेपण सुरू होतं. कॅमेरा इतका लांब की नटाचं नाक-डोळे दिसत नाहीत. आखातात नोकरीला गेलेला गावकरी तरीही नांदीपासून बघतो. राजाच्या पोशाखातला शेजारी तो आवाजावरून ओळखतो. अनोळखी प्रेक्षकाने हे दोन मिनिटंही बघितलं नसतं, आणि त्याच्यासाठी ते नाहीच.

(दृश्य: आडव्या चौकटीत पूर्ण आरती. वादकाचे हात.)

पूर्ण आरतीचे लांबलचक व्हिडिओही आहेत. त्यांना गर्दी नसते. शिकणाऱ्याला मात्र तेच लागतात: गती अर्ध्यावर आणायची, हातांकडे बघायचं, तोच ठेका पुन्हा मागे न्यायचा. पुरेसे बघणारे असले, तर सर्वांत जास्त वेळा परत पाहिलेली जागा यूट्यूब २०२२ पासून व्हिडिओखालच्या वेळेच्या पट्टीवर उंचवटा काढून दाखवतं. आरतीची चाल जिथे बदलते तिथे असा उंचवटा दिसला, तर पुढच्या चवथीला मंडळात नवा घुमटवाला यायची शक्यता आहे.