ओली नऊवारी आणि ऑस्ट्रेलियाचा पक्षी

नमस्कार. शॉर्टवेव्हचा, म्हणजे रेडिओवर दूरदेशीची स्टेशनं पकडायचा, नाद लागला त्याला आता पन्नास वर्षं होत आली. आधी नुसतं ऐकणं, पुढे हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांनी रेडिओवरून आपसात बोलणं. नवीन मुलं विचारतात म्हणून सांगतो: ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. परीक्षा द्यायची, मग ‘व्हीयू’नं सुरू होणारं आपलं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतं. ऐकायला नाही, बोलायला लागतो. आमच्या लहानपणी मात्र ऐकायलाही पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत.

लहरी वर आयनांबराला, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराला, धडकून खाली येतात, म्हणून दूरचं स्टेशन लागतं. दिवसा 16, 19 मीटर लांबीच्या लहरी. रात्री 41, 49. दिवसा आखूड, रात्री लांब. बाकी सवयीनं कळतं. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेला लोक हसतात. रात्री दोनपर्यंत हेडफोन लावून बसणाऱ्याला त्या झोपेची किंमत विचारा!

तर 1978 साल, सदाशिव पेठेतला आमचा वाडा. गॅलरीच्या कठड्यापासून अंगणातल्या औदुंबरापर्यंत मी तांब्याची उघडी तार ताणली होती, एरियल म्हणून. खाली न्हाणीघराचे पत्रे. रविवारी सकाळी रेडिओ ऑस्ट्रेलिया शोधत होतो. सुई केसाएवढी सरकवतोय, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलंय, आणि सेटमधून नुसती खरखर. बाहेर डोकावलो तर समोरच्या काकूंनी तारेवर नऊवारी वाळत घातलेली! ओली नऊवारी, तिचं वजन काय सांगू? तार वाकून थेट पत्र्याला टेकली होती.

“काकू, ती दोरी नाही हो, एरियल आहे.”

“मग तशी पाटी लावायची,” म्हणत काकूंनी फणकाऱ्यानं साडी ओढली. तार टणकन वर उडाली आणि त्याच क्षणी आमच्या खोलीतून अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं खदाखदा हसू! तो होता कूकाबरा, खंड्याच्या कुळातला. रेडिओ ऑस्ट्रेलिया प्रसारणाआधी त्याचं हसणं वाजवी.

काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच येऊन ऐकून गेल्या. मग रोज जिन्यात विचारायच्या, “लागला का रे तुझा पक्षी?”

मी स्टेशनला रिपोर्ट धाडला: तारीख, वेळ, मीटर, आवाज किती स्वच्छ. दोन महिन्यांनी पोच म्हणून क्यूएसएल कार्ड आलं. ते काकू बहिणीला दाखवायला साताऱ्याला घेऊन गेल्या आणि तिथंच विसरून आल्या. रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह 2017 मध्ये बंद झाली. आता दुसरं कुठून आणणार?