पाणी कमी घाला! पातीचा कांदा का सडतो?

नमस्कार मंडळी! पातीचा कांदा घरीच पाण्यात पुन्हा वाढवायच्या मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच गोष्टीच्या आहेत: "ताई, सेम तुमच्यासारखं केलं, पण चार दिवसांत कांद्याला वास सुटला." म्हणून आज त्यावरच बोलते.

बेसिक पटकन सांगून टाकते. पातीचा कांदा चिरताना मुळाकडचा दोन-तीन बोटं पांढरा भाग ठेवायचा, मुळं खाली करून ग्लासात उभा करायचा, खिडकीत उजेडाला ठेवायचा, आठ-दहा दिवसांत पात कापायची. झालं.

आता पाणी. फक्त मुळं बुडतील एवढंच. म्हणजे साधारण 1 सेंटीमीटर, फार तर दीड. बुडख्याचा वरचा भाग कोरडा दिसला पाहिजे. कोरडा! एका ताईंनी फोटो पाठवला, ग्लास काठोकाठ भरलेला आणि आत कांदे पार बुडालेले, आणि खाली लिहिलंय "पाणी कमी पडू नये म्हणून". तुमची माया कळते हो ताई, पण त्या मायेनेच तो गुदमरतोय.

कारण बघा, मुळांनाही हवा लागते. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळात थोडाच विरघळलेला असतो, तो बॅक्टेरिया खाऊन संपवतात, आणि कापलेला भाग पाण्याखाली असला की त्यांना आयतंच फावतं. मग बाहेरची साल बुळबुळीत होते, पाणी गढूळ होतं आणि गटाराचं झाकण उघडल्यासारखा वास येतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझंही हेच झालं होतं, सहा बुडखे एका उंच बाटलीत कोंबले आणि गावाला गेले, परत आले तर सगळ्यांचा लगदा. तेव्हापासून मी पसरट वाटी घेते, तीत जास्त पाणी मावतच नाही, आणि रोज सकाळी पाणी बदलते. रोज. "दोन दिवसांनी चालेल का?" असं विचारणाऱ्यांना सांगते, थंडीत चालेल, उन्हाळ्यात नाही. बदलताना बुडखा नळाखाली धरा, बोटाने चिकटपणा काढा, साल सुटत असेल तर ओढून टाका. नीट धुतला की मुळं पांढरीशुभ्र दिसतात आणि मधून एक हिरवं टोक, अगदी काडीपेटीच्या काडीएवढं, वर सरकलेलं दिसतं. ते बघायला मला अजून तितकीच मजा येते.

पुदिन्याचंही तेच. काडीला जिथे पानं फुटतात ते पेर पाण्यात हवं, कारण मुळं सहसा तिथूनच फुटतात, पण तिथली पानं आधी खुडून टाका. बुडालेलं पान सडणारच, आणि एक सडलं की बाकीचं पाणीही गेलं.

दुसरी तक्रार अशी की तिसऱ्या कापणीनंतर पात दोऱ्यासारखी येते. येणारच, नुसत्या पाण्यात खायला काय आहे त्याला? आतापर्यंत तो स्वतःची शिल्लक मोडून खात होता. म्हणून एक-दोनदा कापून झालं की सरळ कुंडीत लावा, मुळं मातीत आणि मान बाहेर.

आणि हो, गाजर. गाजराचा वरचा तुकडा पाण्यात ठेवला की नवीन गाजर येतं असे व्हिडिओ फिरतायत, त्यांचा मला खरंच राग येतो. येत नाही! गाजर म्हणजेच ते मूळ, ते तुम्ही खाल्लंत, आता वर फक्त पाला येईल. गाजर हवं तर बी पेरा. लहान मुलं महिनाभर वाट बघतात हो, आणि खाली काहीच नसतं, वाईट वाटतं त्यांना.

शेवटचा प्रश्न, तो मात्र नीट ऐका. "कोंब आलेला बटाटा कुंडीत लावलाय, त्याची पानं भाजीला घेऊ का?" अजिबात नाही. बटाट्याची पानं, कोंब आणि हिरवा पडलेला बटाटा, यांत सोलानिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि शिजवून ते जात नाही. लसणाची पात खा, कांद्याची खा. बटाट्याची पानं सुकू द्या, मग माती उकरा, आत बटाटे असतील.