पत्रकाच्या तळाची ओळ

मंडळी, येताना मी बुटांचा एक खोका घेऊन आलोय. त्यात बूट नाहीत. गेल्या अकरा वर्षांत माझ्या टपालपेटीत न मागता जे काही येऊन पडलं, त्यातलं राजकीय तेवढं या खोक्यात आहे. गाद्या, पंखे, वजन उतरवण्याचे उपाय हे सगळं रद्दीत गेलं. राजकीय मात्र ठेवलं, कारण माझी सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली आणि मुद्रितशोधकाला एक खोड जडते. कागद हातात आला की तो आधी तळ बघतो. वर जे छापलेलं असतं ते सांगायची छापणाऱ्याला हौस असते. तळाला जे असतं ते कायद्यानं सांगायला लावलेलं असतं, त्यामुळे ते पाच पॉइंटात आणि फिक्या करड्या शाईत असतं. वाचायला भिंग लागतं. तेही आणलंय.

संयोजकांनी ‘नको असलेली पत्रकं’ हा विषय दिला, तेव्हा मी कागदाच्या नासाडीवर बोलेन असं त्यांना वाटलं असावं. नासाडी होतेच. त्यावर माझं काही वेगळं म्हणणं नाही, म्हणून ते सोडून देतो.

मला आधी विचारायचंय की पेटी कोणाची? पैसे तुम्ही दिलेत, भिंतीला स्क्रू तुम्ही मारलेत, किल्ली तुमच्या जुडग्यात आहे. अमेरिकेत तरीही ती पुरती तुमची नसते. टपालखर्च न भरलेला कागद कोणाच्याही टपालपेटीत टाकायचा नाही, असा तिथे 1934 पासून कायदा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनबर्गच्या नागरिक संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही लहान मंडळं, तिकिटांना पैसे कुठून आणणार? शेजाऱ्याच्या पेटीत सभेची चिठ्ठी टाकली तर बिघडलं काय? 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टपाल खात्याच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे पेटी तुमची, पण आतली पोकळी सरकारच्या अखत्यारीतली. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे तो आत येणार, नसतील तो पत्रक दाराच्या मुठीला अडकवून जाणार.

ब्रिटनमध्ये याच्या उलट. तिथे दारातच फट असते आणि तिच्यातून कोणीही काहीही सरकवतो. प्रचाराला निघालेल्या अनुभवी कार्यकर्त्याच्या पिशवीत पत्रकांबरोबर एक लाकडी उलथनं असतं. फटीला जोरकस स्प्रिंग असते, आतून ब्रश, आणि पलीकडे कुत्रा असायचा संभव. बोटं शाबूत ठेवायची तर कागद उलथन्यानं ढकलायचा. लोकशाहीच्या कामी आलेली स्वयंपाकघरातली ही एकच वस्तू माझ्या ऐकिवात आहे. शिवाय तिथल्या 1983 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं संसदेच्या उमेदवाराला एकदा फुकट टपाल पाठवायचा हक्क दिलाय. मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराला एक कागद, वजन 60 ग्रॅमपर्यंत, टपालखर्च माफ. तुम्हाला हवा की नको, हे कोणी विचारत नाही.

नको म्हणायची सोय कुठे आहे, हेही मी शोधलं. जर्मनीत आहे. पेटीवर ‘जाहिरात नको’ अशी पाटी असेल तर ती पाळलीच पाहिजे, असं तिथल्या संघीय न्यायालयानं 1988 मध्ये सांगितलं, आणि पुढे राजकीय पक्षांच्या पत्रकांचीही त्यातून सुटका झाली नाही. ऑस्ट्रेलियात पाटी लावा, गाद्यांच्या जाहिराती थांबतील, पण निवडणुकीचं पत्रक पाटीखालून आत येईल. तिथल्या टपाल खात्याच्या लेखी ते जंक नव्हेच. अ‍ॅम्स्टरडॅमनं 2018 पासून सगळा हिशोबच उलटा केला: ज्याला जाहिराती हव्यात त्यानं ‘हो’ची पाटी लावायची. पाटी नाही म्हणजे नको. छपाईवाले कोर्टात गेले, अगदी वरपर्यंत गेले आणि 2021 मध्ये हरले. माझ्या धंद्यातले लोक, वाईट वाटलं. पण निकाल बरोबर होता असंच मला वाटतं.

सगळ्यात गमतीचा निकाल पुन्हा अमेरिकेतला आहे, 1970 चा. ज्यांना अश्लील जाहिराती टपालानं येत, त्यांना त्या थांबवता याव्यात म्हणून 1967 मध्ये एक कायदा झाला. अश्लील काय हे कोण ठरवणार? तर ज्याच्या पेटीत पडलं तो. टपाल खात्यानं उलट विचारायचं नाही. जाहिराती पाठवणारे भांडत सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बर्गर यांनी लिहिलं की घरमालकाचा हा अधिकार निरपवाद आहे, त्यानं कापडचोपडाच्या सूचीला हरकत घेतली तरी चालेल. पाठवणाऱ्याचा हक्क नकार देणाऱ्याच्या टपालपेटीपाशी संपतो. म्हणजे एखाद्या गृहस्थाला पडद्याच्या कापडानं मन चळल्यासारखं वाटलं, तर त्याला तसं वाटलं. विषय संपला.

मला हा निकाल मनापासून आवडतो. तरी माझ्या पेटीवर मी पाटी लावलेली नाही. का, ते सांगतो. त्यासाठी 1835 सालात जावं लागेल.

त्या वर्षी अमेरिकेच्या उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधी संस्थेला एक गोष्ट उमगली होती. वाफेवर चालणारी छपाईयंत्रं आली होती, छपाई स्वस्त झाली होती, आणि टपाल सगळीकडे पोचत होतं. आर्थर आणि लुईस टॅपन या भावांचा पैसा आणि उत्साह यामागे होता. त्यांनी दक्षिणेतले धर्मोपदेशक, वकील, प्रतिष्ठित मंडळी यांची नावं गोळा केली आणि गुलामगिरी पाप आहे हे सांगणारे छापील कागद गठ्ठ्यांनी पाठवायला सुरुवात केली. एकानंही मागितले नव्हते. जुलैच्या अखेरीस गठ्ठे चार्ल्स्टनच्या टपाल कचेरीत पोचले. रात्री जमाव आत शिरला, त्यानं पोती उचलली, आणि दुसऱ्या दिवशी चौकात होळी केली. वर आर्थर टॅपन आणि चळवळीतल्या इतर पुढाऱ्यांचे पुतळे. टपाल खात्याचे प्रमुख एमॉस केंडाल यांनी काय करावं? ज्या टपालमास्तरांनी असले कागद अडवून ठेवले त्यांच्याकडे त्यांनी काणाडोळा केला. अध्यक्ष जॅक्सन तर डिसेंबरात काँग्रेसला म्हणाले की असलं टपाल बंद करणारा कायदाच करा. काँग्रेसनं तो केला नाही. उलट पुढच्या वर्षी जो टपाल कायदा झाला, त्यात टपाल मुद्दाम अडवणाऱ्या टपालमास्तरालाच शिक्षा ठेवली.

त्या गठ्ठ्यांनी चार्ल्स्टनमध्ये एकाचं तरी मन पालटलं असेल असं मला वाटत नाही. पण टपाल जाळल्याची बातमी उत्तरेत पोचली, आणि गुलामगिरीशी आपला काय संबंध असं म्हणणाऱ्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की संबंध आहे. आता त्या वेळी चार्ल्स्टनच्या दारादारांवर ‘राजकीय कागद नको’ अशा पाट्या असत्या तर? कायदेशीर, सभ्य पाट्या. होळीची गरजच पडली नसती. या खोक्यातला एकही कागद त्या पत्रकांच्या पासंगाला पुरणार नाही, हे मी जाणतो. पण नको असलेला कागद कधी कोणता असेल हे आधी कळत नाही, म्हणून माझी पेटी उघडी.

उघडी, पण माझी एक अट आहे. ती म्हणजे तळाची ओळ: हा कागद कोणी छापला, कोणी काढला.

या ओळीचं कुळ काही चांगलं नाही, तेही सांगून टाकतो. फ्रान्समधल्या क्रांतीनं इंग्लंडच्या सरकारला धडकी भरली होती. 1799 मध्ये पंतप्रधान पिट यांच्या सरकारनं कायदा केला: प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव-पत्ता हवा, नसेल तर दर प्रतीमागे 20 पौंड दंड. मतदारानं जाब विचारावा हा हेतू मुळीच नव्हता, शिपायाला दार सापडावं एवढाच होता. आपल्याकडे 1867 चा छापखान्यांचा कायदा आला, त्यातही मुद्रक-प्रकाशकाचं नाव सक्तीचं, आणि हेतूही त्याच जातीचा. पुढे स्वतंत्र भारताच्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 127-अ हे कलम आलं. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं, पत्ते हवेत. छापून घेणाऱ्यानं आपण कोण हे लिहून सही करायची, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्ष द्यायची, छापल्यावर एक प्रत अधिकाऱ्यांकडे धाडायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आमचा फोरमन ते फॉर्म टेबलाच्या वरच्या खणात ठेवायचा आणि सहीशिवाय मशीन चालू करू देत नसे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. ज्या ओळीनं सरकार बंडखोरांना शोधत होतं, त्याच ओळीनं आता मतदार पुढाऱ्याला शोधू शकतो. अवजार तेच, मूठ बदलली.

इथे मला कोणी अडवावं, आणि अडवणारी एक बाई आहेही. मार्गारेट मॅकिंटायर, ओहायोतल्या वेस्टरव्हिलच्या. 1988 मध्ये शाळेसाठी कर वाढवायचा घाट घातला गेला, तेव्हा सभेच्या दाराशी उभं राहून त्यांनी विरोधाची पत्रकं वाटली. घरच्या संगणकावर तयार केलेली. काहींवर त्यांचं नाव होतं, काहींवर फक्त ‘चिंताग्रस्त पालक आणि करदाते’. त्यांना 100 डॉलर दंड झाला. त्या लढल्या, मधेच वारल्या, नवऱ्यानं खटला पुढे नेला, आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला: निनावी राहण्याचा हक्क हा बोलण्याच्याच हक्काचा भाग आहे, कारण कमजोर माणसाला त्याच्यामागेच आडोसा मिळतो.

या निकालापुढे मी बराच काळ अडखळलो. टॅपनच्या बाजूचा, तर मॅकिंटायरबाईंच्या विरुद्ध कसा? शेवटी आपल्यापुरता तोडगा काढला. शंभर कागद स्वतः काढून स्वतः वाटणाऱ्या बाईला मी नाव विचारणार नाही. ती समोर उभी आहे, चेहरा दिसतोय. लाखभर कागद काढून पगारी पोरांकरवी वाटणाऱ्याला विचारणार. हा कायद्याचा तोडगा नव्हे, रेष कुठे मारायची विचारलंत तर मला सांगता येणार नाही.

आता खोका उघडतो. हे पत्र बघा, लिफाफ्यावर हातानं लिहिल्यासारखं नाव. भिंगातून पाहिलंत तर दिसेल, प्रत्येक ‘क’ची शेपटी तंतोतंत सारखी. माणूस दोन ‘क’ कधी सारखे काढत नाही. हे दुसरं वर्तमानपत्रासारखं दिसतं, मथळे, रकाने, सगळं. बातमीदाराचं नाव तेवढं नाही. आणि हा स्तंभालेख. आकडे 31 आणि 34. मी पट्टीनं मोजलं, दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच आहे. आकडे खरे, उंची खोटी. मुद्रितशोधक आकडे तपासतो, पट्टी कोण लावतो?

फ्रान्समध्ये या बाबतीत एक व्यवस्था आहे, तिचा मला हेवा वाटतो. निवडणुकीआधी मतदाराला सरकारी खर्चानं एक पाकीट येतं आणि त्यात सगळ्या उमेदवारांची पत्रकं एकत्र असतात. प्रत्येकाला एकच कागद, ए-फोर आकाराचा. निळा, पांढरा, लाल हे तिन्ही रंग मिळून राष्ट्रध्वजाचा भास होईल असे वापरायचे नाहीत. पाकीट न उघडता टाकून देणारे तिथेही असणारच. पण उघडलं तर सगळे शेजारी शेजारी दिसतात, आणि तुम्हाला जे आलं तेच समोरच्या घरातही.

‘तेच समोरच्या घरातही’ हे मी मुद्दाम म्हणतोय. छापील पत्रकाची मला खात्री वाटायची ती यामुळेच. फोनवर कोणाला काय दाखवलं जातं हे शेजाऱ्याला कळत नाही, कागद मात्र सगळ्या गल्लीला एकच, असं मी धरून चाललो होतो. गेल्या निवडणुकीत ते सुटलं. मला एका उमेदवाराचं पत्रक आलं: समोरचा रस्ता रुंद करणार, वाहतुकीचा प्रश्न कायमचा सोडवणार. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी जिन्यात भेटली, तिच्या हातात त्याच उमेदवाराचं पत्रक. तोच फोटो, तेच हसू. मजकूर: रस्त्याकडेची एकही झाड तोडू देणार नाही. ‘एकही झाड’ला स्त्रीलिंग नसतं, पण छापलं तसंच होतं, आणि माझ्या आतला मुद्रितशोधक खोटेपणाआधी त्या चुकीनं कळवळला. तिचं पत्रक मी मागून घेतलं.

चार दिवसांनी त्या उमेदवाराचा कार्यकर्ता दारात आला. चुणचुणीत, नम्र पोरगा. मी दोन्ही कागद त्याच्यापुढे धरले. त्यानं दोन्ही वाचले, झाडांचा परत दिला आणि म्हणाला, “काका, हे आमचं नाही. विरोधकांचं काम आहे.” मी भिंग दिलं आणि तळ दाखवला. दोन्हींवर एकच छापखाना, एकच प्रकाशक, प्रतींची संख्याही एकच. तो बराच वेळ बघत राहिला. मग मोबाईल काढून त्यानं दोन्ही तळांचे फोटो घेतले, “वर विचारतो” म्हणाला आणि गेला.

मतदानाच्या दोन दिवस आधी त्याच उमेदवाराचं तिसरं पत्रक पेटीत पडलं. हे ते. झाड आता नपुंसकलिंगी झालंय. तळाला ओळ नाही.