पाणमांजर परतावं म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

शहरातून वाहणाऱ्या नदीत पाणमांजर पुन्हा दिसावं असं पुष्कळांना वाटतं. मग सूचना येते, कुठून तरी दोन जोड्या आणून सोडू या. माझं म्हणणं उलट आहे. आधी नदी राहण्याजोगी करा. आसपास कुठे पाणमांजरं तग धरून असतील, तर ती वाट काढत येतात.

इंग्लंडमध्ये हे घडलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथली पाणमांजरं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. शिकार आधीपासून होतच होती, पण खरा घाव घातला तो डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांनी. बियाण्याला चोळलेलं, मेंढ्यांच्या आंघोळीच्या पाण्यात मिसळलेलं ते विष ओढ्यात उतरलं, किड्यांतून माशांत आणि माशांतून पाणमांजरात साठत गेलं. १९७७ ते ७९च्या पाहणीत शंभरातल्या जेमतेम सहा जागी त्यांच्या खुणा मिळाल्या. पुढे ती औषधं बंद झाली, कायद्याचं संरक्षण मिळालं, सांडपाणी सुधारलं. २०११ साली प्रत्येक काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, पाणमांजर पोचल्याचं जाहीर झालं. सगळ्यांत शेवटी केंटमध्ये. काही ठिकाणी पाळलेली पाणमांजरं सोडलीही होती, पण बरीचशी पसरली ती आपल्याच पायांनी.

पहिली अट मासे. पाणमांजराच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो. दाट केस आणि भरपूर खाणं यांच्यावरच ते थंड पाण्यात ऊब राखतं, म्हणून त्याला रोज सपाटून मासे लागतात. मैलापाणी सोडलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि बाकी सगळ्या योजना कागदावर राहतात.

दुसरी अट काठ, आणि इथेच आपण हमखास चुकतो. सुशोभीकरण म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, वर फरशी, दिव्यांची रांग. माणसाला फिरायला छान, पण पाणमांजराला बीळ करायला माती नाही, अंग पुसायला गवत नाही, पिल्लं दडवायला झुडूप नाही. सरळ नालीत पाणी वेगाने निघून जातं, माशांना थारा मिळत नाही.

सिंगापूरने एका ठिकाणी हे उलटवलं. बिशान उद्यानाच्या कडेने जाणारी कल्लांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीट कालव्यात कोंडलेली होती. तो कालवा काढला आणि नदीला वळणं दिली. तिची लांबी ३.२ किलोमीटर झाली. काठ धरायला दगड आणि झाडांची मुळं वापरली. पुराचं काय, असं अभियंते विचारणारच. उत्तर असं की उद्यानाची हिरवळच पुराची जागा आहे: जोराचा पाऊस आला की पाणी तिच्यावर पसरतं आणि लोकांना इशारा देऊन बाजूला केलं जातं. २०१२ साली हे खुलं झालं आणि पुढे तिथे पाणमांजरांचं कुटुंब नांदू लागलं. अर्थात सिंगापूर नदी आणि कल्लांगचं खोरं यांची मोठी सफाई १९७७ ते ८७ या दहा वर्षांत आधीच झाली होती. वळणदार काठ हा त्यानंतरचा टप्पा.

पुलांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. पुरात पुलाखालचा मार्ग भरला की पाणमांजर वर येऊन रस्ता ओलांडू पाहतं आणि गाडीखाली सापडतं. पुलाच्या आतल्या भिंतीला, पुराच्या पातळीच्या वर, अरुंद कट्टा बसवला की ते कोरड्या पायांनी पार होतं. खर्च फारसा नाही. पूल बांधतानाच केलं तर त्याहूनही कमी.

एक सांगून ठेवतो, पाणमांजर आलं की तक्रारीही येतात. सिंगापुरात लोकांच्या घरच्या तळ्यांतले महागडे कोई मासे त्यांनी फस्त केले आहेत. अशा तळ्याला बुडापर्यंत घट्ट कुंपण घालणं हाच उपाय. प्राणी हाकलून भागत नाही, कारण रिकामी जागा दुसरं कुटुंब धरतं.

ती आलीत का हे कसं ओळखायचं? दिसण्याची वाट पाहू नका. पुलाखालचे दगड, ओढे मिळतात ती टोकं, पाण्याबाहेर आलेली खडकं बघा. माशांचे काटे आणि खवले असलेली उग्र वासाची विष्ठा ते अशा उंचवट्यांवर मुद्दाम टाकतं. दुसऱ्या पाणमांजरांना तो निरोप असतो. मोठ्या पावसानंतर लगेच जाऊ नका, सगळं धुऊन गेलेलं असतं. पाणी उतरून काठ कोरडा पडला की जा, आणि एकदा काही मिळालं नाही तर त्याच जागी पुन्हा जा.