चेन वळली की इमर्जन्सी

(दृश्य : भोसरी एमआयडीसी. शटर अर्धं वर, आत ट्यूबलाइट लागताहेत.)

शुक्रवारची सकाळ. भोसरीत सुट्टी गुरुवारची, त्यामुळे इथला आठवडा शुक्रवारी उघडतो आणि ब्रेकडाउनचे फोनही तेव्हाच सुरू होतात. दिवसभर बंद राहिलेलं सीएनसी मशीन, म्हणजे कंप्युटरच्या हुकमावर धातू कापणारं यंत्र, काहीतरी निमित्त काढून रुसतंच.

सगळ्यात नेहमीचं रुसणं बॅटरीचं. मशीनची वीज बंद असताना अक्ष, म्हणजे मशीनचा सरकणारा भाग, कुठे उभा आहे, ही आठवण एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर) बॅटरीवर जपतो. फानुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या बऱ्याच मशीनवर हे टॉर्चचे असतात तसे चार जाडजूड सेल, मिळून ६ व्होल्ट. ते उतरायला लागले की आधी ३०७, ३०८ असे अलार्म दिसतात. लोक बघतात, आणि "होईल काहीतरी" म्हणून जॉब लावतात. मग एखाद्या शुक्रवारी ३०० येतो आणि मशीनला स्वतःचं होम, म्हणजे मोजणी सुरू करायची जागाच आठवत नाही. हे सेल बदलायचे कंट्रोल चालू ठेवून. सावधगिरी म्हणून मेन बंद करून बदलायला जाणारा उरलीसुरली आठवणही घालवतो.

आजची तक्रार मात्र बॅटरीची नाही.

(दृश्य : टर्निंग सेंटर. स्क्रीनच्या कोपऱ्यात इमर्जन्सीची लाल पट्टी.)

हा सीएनसी लेथ चालता चालता इमर्जन्सीला जातो, म्हणजे एकदम थांबतो. कोणी लाल बटण दाबलेलं नसतं. रीसेट केलं की पुन्हा चालतो, कधी दहा मिनिटं, कधी तासभर. आधी कोणीतरी येऊन "कार्ड गेलंय", म्हणजे कंट्रोलचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडलंय, असं सांगून कोटेशन ठेवून गेलाय. मालकांनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलंय आणि आज दुसऱ्या माणसाला बोलावलंय.

हा दुसरा माणूस आधी पॅनेल उघडत नाही. ऑपरेटरशेजारी जाऊन उभा राहतो.

"नेमकं कधी येतं रे?"

"असंच. कधीपण येतं, साहेब."

तो चहा मागवतो आणि नुसता बघत बसतो. चौथ्या वेळी त्याच्या लक्षात येतं की "कधीपण" नाही. दरवेळी टरेट, म्हणजे टूल धरणारं फिरतं डोकं, टूल बदलायला मागे गेलेला असतो.

(दृश्य : सिग्नलचं पान. बोट एका बिटवर.)

फानुकवर इमर्जन्सीचा इनपुट येतो एक्स ८.४ या पत्त्यावर. सगळं ठीक असेल तर तिथे १. लाल बटण, अक्ष हद्दीबाहेर गेला की दाबले जाणारे लिमिट स्विच, सगळे एका माळेत ओवलेले असतात आणि त्या माळेतून २४ व्होल्ट फिरतात. मणी कुठलाही तुटो, १ चा ० होतो आणि मशीन थांबतं. रचनाच तशी आहे, तार तुटली तरी मशीन थांबलंच पाहिजे. म्हणजे कार्ड बिचारं आपलं काम चोख करतंय. त्याला शून्य मिळतंय, ते शून्य दाखवतंय.

मग शून्य येतं कुठून?

पॅनेल उघडलं जातं. खरं तर ते उघडंच होतं, समोर टेबल फॅन लावलेला. पॅनेलचा एसी बंद पडला की मे महिन्यात हा देशी इलाज सगळीकडे दिसतो. हवा आत जाते, तिच्याबरोबर तेलाचा धूर आणि कास्टिंगची बारीक भुकटीही. ड्राइव्हवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या युनिटवर, बोट फिरवलं तर काळा चिकट थर निघतो. कार्डांचा जीव खरा घेतो तो हा थर.

ड्रॉइंग सापडतं कपाटाच्या मागे, कूलंटने अर्धं पिवळं झालेलं. पण नशीब, तारांच्या टोकांच्या नळ्यांवरचे फेरूल नंबर अजून वाचता येतात. दरवाजाच्या स्विचवर एक निळी तार आडवी मारलेली दिसते. दार उघडं असताना मशीन चालू न देणारा इंटरलॉक कोणीतरी बायपास केलाय, जॉबमागे दोन सेकंद वाचावेत म्हणून. तो काही बोलत नाही, ती तार काढून खिशात टाकतो.

मशीन पुन्हा चालवलं, टरेट मागे गेला, इमर्जन्सी आली. आता मीटर. माळेच्या पहिल्या टर्मिनलवर २४. बटणानंतर २४. एक्स अक्षाच्या लिमिट स्विचकडे जाताना २४, परत येताना ०.

हा स्विच बसलाय सॅडलवर, म्हणजे टरेट वाहणाऱ्या सरकत्या बैठकीवर, आणि सॅडल झेड अक्षावर मागे-पुढे धावतं. म्हणून त्याची केबल ड्रॅग चेनमधून, म्हणजे केबल सांभाळत वळणाऱ्या साखळीतून जाते. दर जॉबला चेन वळते, सरळ होते, पुन्हा वळते, दोन्ही पाळ्यांत.

(दृश्य : मेन स्विच बंद. ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत कॅमेरा थांबतो.)

मेन बंद केलं तरी लगेच हात घालायचा नाही. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट काही वेळ तसेच असतात. दिवा विझला की स्विचकडून येणाऱ्या केबलच्या दोन्ही तारा पॅनेलमध्ये सोडवायच्या. स्विच दाबलेला नाही, म्हणजे सर्किट जुळलेलं हवं. मीटर बझरवर, सर्किट जुळलेलं असेल तर बीप.

बीप वाजतो. अखंड. घाईतला माणूस इथेच म्हणेल, केबल ठीक आहे.

तो ऑपरेटरला चेन हाताने हलवायला सांगतो. बीप. बीप. ज्या जागी वळण सर्वांत तंग आहे तिथे आवाज गायब. चेन सोडली की पुन्हा बीप.

केबल बाहेर काढतात. वरून कातडी शाबूत, कुठे चिरही नाही. चाकूने सोलल्यावर दिसतं की आतल्या एका कोअरचे तांब्याचे केस तुटलेत, दोन्ही टोकं एकमेकांना टेकून आहेत. सरळ असताना जुळतात, वाकलं की सुटतात.

(दृश्य : नवी केबल चेनमध्ये ओवली जातेय.)

बिल बघून मालक थांबतात.

"केबलचे एवढे? साधी मल्टिकोअर (अनेक तारांची) केबल टाकली असती तर?"

"टाकू की. सहा महिन्यांनी परत फोन करा."

मालक हसत नाहीत, पण सही करतात. चेनसाठी केबल वेगळी येते, तारेचे केस बारीक, बाहेरचं आवरण मऊ. आधीची साधी होती.

एक्स ८.४ वर १ आहे. ऑपरेटर सवयीने दार उघडं ठेवून सायकल स्टार्ट दाबतो. मशीन हलत नाही. तो मागे वळून बघतो, मग दार ओढून घेतो. टरेट मागे जातो, चेन वळते, पुढचं टूल जॉबला लागतं.