नमुना नेला, निकाल कुठंय?

नमस्कार मंडळी. एवढ्या उन्हात, तेही भर दुपारी चार वाजता तुम्ही सगळे आलात, बायामाणसं पुढे बसलीयत, बरं वाटलं. पत्रिकेत माझा विषय छापलाय "केळी पट्ट्यातलं पाणी आणि आपलं आरोग्य". त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

वीसेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात शाळेवर होतो, विज्ञान शिकवायचो. एक दिवस गावात जीप आली, मोठ्या शहरातल्या एका संस्थेची, नाव घेत नाही. चार पोरंपोरी, सगळी हुशार, वागायला चांगली. पाण्याचा आणि लहान मुलांच्या तब्येतीचा अभ्यास करायचाय म्हणाली. सरपंचांनी माझ्याकडे बोट दाखवलं, की मास्तर, तुम्ही फिरा यांच्यासंगं. मग चार दिवस शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर. लिटरभराच्या पांढऱ्या बाटल्या, झाकणाजवळ चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने नंबर. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हातपंप असेल तर पाच मिनिटं हापसून पाणी सोडून द्यायचं आणि मग भरायची, काठोकाठ, हे सगळं मी त्या पोरांकडूनच शिकलो आणि आजही तसंच करतो. बर्फ गावात मिळेना, तर चोपड्याच्या कुल्फीवाल्याकडून पोत्यात गुंडाळून आणला आणि थर्माकोलच्या खोक्यात भरला. अक्षर बरं होतं म्हणून चिकटपट्टीवर नंबर मीच टाकायचो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

आता गावात एक जिजी होती. तिची विहीर गावाला लागून, गोड पाण्याची. आपल्याकडे गोड पाणी म्हणजे काय, तर खारं नाही ते, डाळ शिजते ते. अर्धी गल्ली त्याच विहिरीवर. तिने आधी नाहीच म्हटलं. "पानी लई जाईसन काय करशात?" म्हणाली. पोरांनी समजावलं, तिला काही पटेना. मग मी म्हटलं, जिजी, मी सांगतोय ना, तपासून येईल, तुला कळेल तुझं पाणी कसं आहे. माझ्या शब्दावर तिने दोर सोडला. बाटली भरली, तिचा नंबर पडला चौदा. जीप गेली.

आणि मग ती मला जिथे भेटेल तिथे विचारायची. आठवडे बाजारात, भागवत सप्ताहात, कुणाच्या हळदीला. "मन्हा पानीनं काय व्हयनं रे भाऊ?" मी म्हणायचो, येईल जिजी, लॅबला वेळ लागतो. तीन पत्रं टाकली मी त्या संस्थेला. एकाला उत्तर आलं, दोन ओळींचं, की माहितीचं विश्लेषण सुरू आहे. दुसऱ्या वर्षी जिजीची नात बाळंतपणाला माहेरी आली, तिला दूध पुरत नव्हतं म्हणून बाळाला वरचं दूध, डब्यातली पावडर, त्याच विहिरीच्या पाण्यात. मी डोळ्यांनी बघितलंय, उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ वाटी, सगळं कसं निगुतीने. आपण चुकीचं काही करतोय असं त्या घरात कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. बाळाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण मी आज त्याला नशीबच म्हणतो.

पुढे पाच-सहा वर्षांनी एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे बसलो होतो, टेबलावर जाड बाइंड केलेला प्रबंध पडलेला, सहज चाळला. आपलं गाव! नकाशा, पाऊसमान, मग तक्ता. नमुना क्रमांक चौदा, खासगी विहीर, नायट्रेट नावाचा क्षार मर्यादेच्या वर. बाटलीवरचा चौदा मीच लिहिला होता ना. म्हणजे निकाल होता, कधीचाच होता, इंग्रजीत होता, शहरातल्या कपाटात होता. जिजी तोवर गेली होती. तिला मी काय सांगणार होतो?

ती पोरं वाईट होती असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांचं काम पक्कं होतं, तक्ता बरोबर होता. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं की परत जायचं असतं. आणि हे आपल्याकडे नेहमीचं आहे. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे जा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त देऊन देऊन लोकांची बोटं टोचून झालीत, विचारा त्यांना किती जणांना रिपोर्ट हातात मिळाला. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी कधी ना कधी कुठल्या शिबिरात रक्त नाहीतर लघवी तपासायला दिलीय? करा हात वर. बरेच आहेत. आता ज्यांना रिपोर्ट मिळाला त्यांनीच वर ठेवा. बघा. हेच मला आज सांगायचंय.

दुसरीकडे असं नाही झालेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांचा अभ्यास केला, १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि तोवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. तो अभ्यास छापून संपला नाही, त्यांनी तिथेच राहून पुढची कामं केली. गावात दायींना, आरोग्यदूतांना शिकवून घरच्या घरी बाळांची काळजी घ्यायची पद्धत बसवली, तिचे निकाल १९९९ मध्ये आले, आणि आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, ताप बघतात, त्याच्या मुळाशी ते काम आहे. संशोधन गावात राहिलं की असं होतं. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमावलीतही संशोधनाचा फायदा त्या त्या समाजाला पोचवा असं म्हटलंय. नियम आहे, बाकी सगळं अडतं ते परतीच्या एसटीच्या तिकिटावर.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. पाणी राहिलंच. भरभर सांगतो.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. गोड पाण्यातही असतं. तुरटी फिरवून जात नाही, टीसीएल म्हणजे जंतू मारायची पावडर टाकून जात नाही, आणि उकळलं तर उलट वाढतं, कारण पाणी आटतं आणि ते तिथेच राहतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ, वरच्या दुधावरचं, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. १९४५ साली अमेरिकेत आयोवामध्ये कॉमली नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं, तिथेही शेतातल्या विहिरीच होत्या.

येतं कुठून? उकिरडा, शौचालयाचा खड्डा, आणि युरिया. केळीला शिफारस आहे झाडाला २०० ग्रॅम नत्र. पाच बाय पाच फुटांवर लागवड धरली तर एकरी १७५० च्या आसपास झाडं, म्हणजे ३५० किलो नत्र, आणि ते सगळं युरियातूनच द्यायचं म्हटलं तर ४५ किलोच्या १७ गोण्या. ही शिफारस झाली. शेजाऱ्याने वीस टाकल्या म्हणून आपण बावीस टाकतो, ते वेगळं. झाडाने घेतलं नाही ते ड्रिपच्या पाण्याबरोबर खाली जातं. म्हणून माती तपासून, हप्ते पाडून खत द्या, विहिरीपासून उकिरडा हलवा, आणि बाळाचं पाणी तरी दुसऱ्या ठिकाणचं आणा, तेही तपासलेलं. जारचं पाणी गार असतं म्हणून चांगलं असतं असं नाही, त्याचाही नमुना द्या.

आणि तपासायला आता जीपची वाट बघायची गरज नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं किट चालवायला शिकवायचं ठरलंय. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. किट कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा. नायट्रेटच्या चाचणीत पाणी गुलाबी होतं, जितकं गडद तितकं जास्त, तक्त्याशी रंग लावून बघायचा, सातवीतली पोरगी करते. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, त्याच विहिरीचं. शंका आली की नमुना पक्क्या लॅबला पाठवायचा. आणि निकाल ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा, नंबराने नाही, नावाने. जिजीची विहीर, मारुतीजवळचा हातपंप, शाळेची टाकी.

दोन मिनिटं फक्त. ही बाटली बघा. हिच्यात कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावून ठेवायचं, जंतूंनी दूषित झालेलं पाणी असेल तर एक-दोन दिवसांत काळं होतं. नायट्रेट हिच्यात कळत नाही, ते वेगळं. ही मी काल संध्याकाळी भरली, याच सभागृहाच्या मागे हात धुवायचा नळ आहे ना, त्याची. आपल्या उन्हाने दिवससुद्धा लागला नाही, बघा, शाईसारखी काळी झालीय. चहा उकळलेला आहे, तो निर्धास्त घ्या, पण त्या नळाचं पाणी कुणी पिऊ नका, पोरांनाही सांगा. टाकी धुवायचं मी चिटणीसांशी बोललोय, उद्या सकाळी धुतली जाईल, टीसीएल टाकून. परवा मी दुसरी बाटली भरीन आणि काय निघालं ते बाहेरच्या फळ्यावर लिहीन. रिकाम्या बाटल्या मागच्या टेबलावर आहेत, घरटी एक न्या, आणि चिकटपट्टीवर विहिरीचं नाव लिहा.