फॉर्म दिसत नाही, तरी ऑर्डर येते

(देवगडात संगणकाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका बागायतदार काकांना मी हापूसच्या ऑर्डरी घेण्यासाठी वेबसाईट करून दिली. पेट्या शिल्लक असतील तर फॉर्म दिसायचा, नसतील तर 'यंदाचे आंबे संपले' एवढा निरोप. जँगो हे पायथनमध्ये वेबसाईट बनवायचं फ्रेमवर्क. त्याच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, 'इफ' (जर), 'एल्स' (नाहीतर), 'एंडइफ' (अट संपली) लिहिलं आणि काम झालं असं मी धरून चालले. पेट्या संपल्या, फॉर्म गेला आणि तरी संध्याकाळपर्यंत सात ऑर्डरी आल्या. काकांचा फोन: "आंबे संपले मा, मगे ह्या काय?"

झालं असं होतं. टेम्प्लेट चालतं सर्व्हरवर, पान तयार होताना. ब्राउझरकडे जातं ते तयार एचटीएमएल. सकाळी मुंबईत कुणी पान उघडून ठेवलं, त्यांच्या मोबाईलवर फॉर्म तसाच राहिला. दुपारी त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या व्ह्यूने, म्हणजे आलेली विनंती हाताळणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडने, पेट्या उरल्यात का हे न बघताच ऑर्डर नोंदवली. मी अट फॉर्म दाखवताना तपासली होती, ऑर्डर घेताना नाही. सातही जणांना काकांनी स्वतः फोन करून पैसे परत केले. मला ते फार लागलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. 'विक्री चालू आहे का' हे ठरवणारं एकच फंक्शन लिहायचं आणि फॉर्म दाखवताना, मग तो भरून आल्यावर, दोन्ही वेळा तेच विचारायचं. शेवटच्या पेटीवर दोघांनी एकदम बटण दाबलं तर एवढंही पुरत नाही. मग ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं पूर्ण होईल नाहीतर काहीच होणार नाही अशा एका व्यवहारात, डेटाबेसमधली पेट्यांची ओळ लॉक करून, म्हणजे दुसऱ्याला थांबवून ठेवून, शिल्लक मोजावी लागते.

अट टेम्प्लेटमध्ये रचत बसू नका. जँगोच्या 'इफ'मध्ये कंस चालत नाहीत आणि 'अँड' हा 'ऑर'च्या आधी धरला जातो. हंगाम, शिल्लक, लॉगिन अशा तीन गोष्टी एका ओळीत कोंबल्या की अर्थ कुठे फिरला ते कळत नाही. व्ह्यूमध्ये निर्णय घ्या, टेम्प्लेटला फक्त हो की नाही कळवा. हे हो-नाही ज्या नावाने टेम्प्लेटला पाठवता, त्या नावाचं स्पेलिंगही नीट बघा. चुकलं तर 'इफ' कुरकुर न करता ते खोटं धरतो, फॉर्म गायब होतो आणि एररची एक ओळही येत नाही. मी यात अख्खी दुपार घालवली आहे. तारखेवर अट असेल तर टाइमझोन बघा: नव्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये तो यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, असतो, म्हणजे रात्री बाराला बंद होणारा फॉर्म आपल्याकडे पहाटे साडेपाचला बंद होतो.

काही जण फॉर्म सीएसएसने, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडने, नुसता झाकतात. तो पानाच्या सोर्समध्ये पूर्ण असतो, कुणीही पाहू शकतं.

आणि 'एल्स'कडे दुर्लक्ष नको. माणूस तिथवर आला तो आंब्यासाठी, त्याला कोरं पान देऊन परत पाठवणं मला पटत नाही. उशिरा आलेली ऑर्डर नाकारतानाही त्याने टाइप केलेलं नाव आणि नंबर पुसू नका. आपल्याकडे रेंज कशी येते-जाते ते तुम्हाला ठाऊक आहे, तोच मजकूर पुन्हा टाइप करणं जिवावर येतं. काकांच्या 'एल्स'मध्ये आता दुसरा छोटा फॉर्म आहे: नाव, मोबाईल, पुढच्या हंगामात किती पेट्या हव्यात. फळ धरलं की काका ओटीवर बसून त्या यादीतले फोन लावायला घेतात.